एजंट मध्येच बंद पडला, तर डेटाबेसचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोस्टग्रेसचे तीन आणि एसक्यूएल सर्व्हरचा एक, असे चार प्रॉडक्शन (खऱ्या वापरातले) डेटाबेस. स्कीमा (टेबलांची रचना) बदलणारी मायग्रेशन्स, रात्रीचा बॅकअप आणि महिन्यातून एकदा जुन्या नोंदी काढून टाकणं, ही तिन्ही कामं आज पाइपलाइनच्या (ठरलेली कामं आपोआप, क्रमाने चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) होस्टेड एजंटवर चालतात. एजंट म्हणजे ती कामं, म्हणजे जॉब, प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम आणि त्याचं मशीन; होस्टेड म्हणजे ते मशीन सेवा देणाऱ्या कंपनीचं, सेल्फ-होस्टेड म्हणजे आपलं स्वतःचं. आता डेटाबेस खाजगी नेटवर्कमध्ये जाणार आहेत, बाहेरून थेट पोहोचता येणार नाही. मग सगळंच सेल्फ-होस्टेड एजंटवर न्यायचं का, आणि नेलं तर ते एजंट सांभाळायचे कसे?

आधी सरळ उत्तर देतो. बिल्ड, टेस्ट आणि मायग्रेशनची कोऱ्या डेटाबेसवरची तालीम होस्टेडवरच राहू द्या. प्रॉडक्शनवरची मायग्रेशन्स तुमच्या नेटवर्कमधल्या सेल्फ-होस्टेड एजंटवर न्या. जुन्या नोंदी काढण्याचं काम एजंटवरून काढून डेटाबेसच्या आतल्या शेड्युलरकडे द्या. बॅकअपचा विचार वेगळा करावा लागेल, त्याकडे पुढे येतो. पण या वाटणीपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो शीर्षकातला प्रश्न. एजंट कुठेही असो, कधी ना कधी तो कामाच्या मधोमध बंद पडणार आहे. त्या क्षणी डेटाबेस कोणत्या अवस्थेत उरतो, याचं उत्तर तयार नसेल तर होस्टेड आणि सेल्फ-होस्टेड दोन्ही सारखेच धोक्याचे.

एक गैरसमज आधी दूर करतो, कारण नेटवर्क टीमशी होणारे निम्मे वाद त्यातून निघतात. सेल्फ-होस्टेड एजंट लावायचा म्हणजे बाहेरून आत येणारं पोर्ट उघडायचं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. गिटहबचा रनर असो (एजंटलाच तिथे रनर म्हणतात) किंवा अझ्युअर पाइपलाइन्सचा एजंट असो, तो स्वतःच ४४३ पोर्टवरून बाहेर जोडणी करतो आणि 'माझ्यासाठी काम आहे का' असं विचारत राहतो. आत येणारं काहीही उघडावं लागत नाही. बाहेर जाणाऱ्या वाटेवर ठरावीक पत्त्यांनाच परवानगी द्यायची, आणि डेटाबेसचं पोर्ट फक्त एजंटच्या सबनेटला (नेटवर्कच्या तेवढ्या भागाला) दिसू द्यायचं. नेटवर्क टीमला हे कागदावर काढून दाखवा, मंजुरी लवकर मिळते.

होस्टेड एजंटचा मोठा गुण म्हणजे प्रत्येक जॉबला नवं कोरं व्हर्च्युअल मशीन मिळतं आणि जॉब संपला की ते फेकून दिलं जातं. आधीच्या जॉबची फाइल, पासवर्ड, अर्धवट डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) यांतलं काहीच मागे राहत नाही. हा गुण फार मोलाचा आहे आणि सेल्फ-होस्टेडवर जाताना लोक नेमका तोच गमावतात. अडचण येते ती पत्त्याची. होस्टेड मशीनचा आयपी पत्ता दर वेळी वेगळा असतो. मायक्रोसॉफ्ट आपल्या आयपी रेंजची फाइल दर आठवड्याला प्रसिद्ध करते. ती पूर्ण रेंज फायरवॉलमध्ये घालणं म्हणजे त्याच क्लाउडवरच्या इतर सगळ्या ग्राहकांच्या मशीनना दार दाखवणं. अझ्युअर एसक्यूएलमध्ये 'अझ्युअर सेवांना परवानगी द्या' असा पर्याय आहे, त्याचाही अर्थ तोच होतो. तो फक्त तुमच्या खात्यापुरता मर्यादित नाही, अझ्युअरवरच्या कोणाच्याही खात्यातून येणारी जोडणी फायरवॉल ओलांडते.

यावर एक मधली युक्ती प्रचलित आहे: जॉबच्या सुरुवातीला स्वतःचा आयपी फायरवॉलमध्ये घालायचा आणि शेवटी काढायचा. मी स्वतः हे वापरलं आहे आणि आता वापरू नका असंच सांगेन. एका कामात फायरवॉलची यादी उघडली तेव्हा तिच्यात कित्येक महिन्यांचे पत्ते साचलेले दिसले. प्रत्येक पत्ता म्हणजे मध्येच मेलेला एक जॉब, ज्याची साफसफाईची शेवटची पायरी कधी चाललीच नाही. ते पत्ते तोवर दुसऱ्याच कोणाच्या तरी मशीनला मिळालेले असणार.

वेळेची मर्यादाही ध्यानात घ्या. गिटहबच्या होस्टेड रनरवर एक जॉब जास्तीत जास्त ६ तास चालतो. अझ्युअर पाइपलाइन्समध्ये खाजगी प्रोजेक्टच्या मोफत योजनेत ६० मिनिटं आणि पैसे भरले तर ३६० मिनिटं. मोठ्या टेबलातला नवा कॉलम भरण्याचं काम याहून सहज लांबतं, आणि मर्यादा संपली की एजंट तुमच्या ट्रान्झॅक्शनची (एकत्रच पूर्ण होणाऱ्या किंवा एकत्रच मागे घेतल्या जाणाऱ्या बदलांची) पर्वा करत नाही.

दोन्हींच्या मधलीही सोय आता मिळते. गिटहबचे मोठे होस्टेड रनर तुमच्या अझ्युअर नेटवर्कला जोडता येतात, अझ्युअरमध्ये मॅनेज्ड डेव्हऑप्स पूल्स आहेत, एडब्ल्यूएसमध्ये कोडबिल्ड तुमच्या व्हीपीसीत (खाजगी नेटवर्कमध्ये) चालवता येतं. मशीन त्यांनी सांभाळायचं, नेटवर्क तुमचं. तुमच्या टीममध्ये लिनक्स मशीन मनापासून सांभाळणारं कोणी नसेल तर मी हाच मार्ग धरा म्हणेन. न सांभाळलेला सेल्फ-होस्टेड एजंट ही प्रॉडक्शन डेटाबेसच्या शेजारी उघडी ठेवलेली खोली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

एजंट मेला म्हणजे नेमकं काय झालं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पीएसक्यूएलची (पोस्टग्रेसला आज्ञा पाठवणाऱ्या क्लायंटची) प्रोसेस मारली गेली पण मशीन जिवंत आहे, तर ऑपरेटिंग सिस्टिम जोडणी बंद करते. सर्व्हरवरचं सेशन (त्या जोडणीची सर्व्हरकडची बाजू) त्या वेळी मोकळं बसलेलं असेल तर त्याला ते लगेच कळतं आणि ट्रान्झॅक्शन मागे घेतलं जातं. पण सेशन एखादी लांब क्वेरी चालवत असेल, तर क्लायंटला काही पाठवायची वेळ येईपर्यंत पोस्टग्रेसला पलीकडे कोणी उरलं नाही हे समजतच नाही. ती क्वेरी चालूच राहते, तिने घेतलेले लॉकही (इतरांना टेबलापासून रोखणारी कुलपं) तसेच. पाइपलाइनच्या पडद्यावर जॉब लाल झालेला, आणि डेटाबेसमध्ये तो अजून टेबल अडवून बसलेला. पोस्टग्रेस १४ पासून क्लायंट-कनेक्शन-चेक-इंटरव्हल नावाची सेटिंग आहे, तिच्यामुळे सर्व्हर क्वेरी चालू असतानाही जोडणी जिवंत आहे का ते अधूनमधून तपासतो. मूळ किंमत शून्य, म्हणजे बंद. मायग्रेशनच्या रोलसाठी (डेटाबेसमधल्या त्या खात्यासाठी) ती १० सेकंदांवर ठेवा.

मशीनच नाहीसं झालं, वीज गेली किंवा क्लाउडने ते काढून घेतलं, तर परिस्थिती आणखी वाईट. निरोप देणारं कोणी उरतच नाही. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्हची मूळ मुदत ७२०० सेकंदांची आहे, म्हणजे पहिली विचारणाच दोन तासांनी होणार. तोवर ट्रान्झॅक्शन उघडं, लॉक धरलेले आणि त्यामागे ॲप्लिकेशनच्या विनंत्यांची रांग. सर्व्हरच्या बाजूने टीसीपी-कीपअलाइव्ह्ज-आयडल मिनिटभरावर आणा, आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकाम्या बसलेल्या सेशनसाठी असलेला टाइमआउटही लावा.

याची उलटी बाजूही आहे आणि ती शोधायला मला एकदा दोन दिवस लागले. जॉब तासन् तास 'चालू' दिसत होता, पण डेटाबेसमध्ये त्याचं काम केव्हाच संपलेलं होतं. मधल्या नॅटने (पत्ते बदलून जोडण्या पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेने) जोडणी शांतपणे टाकून दिली होती, कारण इंडेक्स बनत असताना दोन्ही बाजूंनी एकही बाइट जात नव्हता. अझ्युअरच्या लोड बॅलन्सरची अशी मूळ मुदत ४ मिनिटांची असते. सर्व्हरने उत्तर पाठवलं, ते पोहोचलं नाही, आणि एजंट वाट पाहत राहिला. एजंटकडच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये कीपअलाइव्ह ६० सेकंदांवर ठेवल्यावर तो प्रकार थांबला.

माणसाने 'रद्द करा' दाबलं तर काय होतं तेही पाहून ठेवा. गिटहबचा रनर आधी इंटरप्टचा सिग्नल देतो, साडेसात सेकंद थांबतो, मग टर्मिनेटचा देतो, अडीच सेकंद थांबतो आणि मग प्रोसेस मारून टाकतो. सगळे मिळून दहा सेकंद. पीएसक्यूएलला इंटरप्ट मिळाला तर तो सर्व्हरला क्वेरी थांबवण्याची विनंती पाठवतो, म्हणजे हवं तेच घडतं. पण तो सिग्नल मुळात शेलच्या स्क्रिप्टला मिळतो आणि शेल तो पुढे पोहोचवेलच असं नाही. म्हणून शेवटची आज्ञा एक्झेक लावून चालवा (म्हणजे ती शेलचीच जागा घेते) किंवा स्क्रिप्टमध्ये ट्रॅप (सिग्नल पकडणारी ओळ) लिहा.

मायग्रेशनच्या साधनांचे लॉकही याच ठिकाणी त्रास देतात. लिक्विबेस आपला लॉक एका टेबलात ओळ लिहून ठेवतो. एजंट मेला की ती ओळ तशीच राहते आणि पुढचा प्रत्येक जॉब थोडा वेळ वाट पाहून नापास होतो. लॉक सोडण्याची आज्ञा आहे, पण ती पाइपलाइनमध्ये आपोआप चालणारी पायरी म्हणून कधीच टाकू नका. आधी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीत (पोस्टग्रेसमधल्या चालू सेशनांच्या यादीत) डोकावून जुनं सेशन खरंच संपलंय का ते बघायचं, मगच लॉक सोडायचा. नाहीतर एकाच टेबलावर दोन मायग्रेशन्स एकदम चालतील. (प्रत्येक जॉबने आपल्या जोडणीच्या ॲप्लिकेशन-नेममध्ये पाइपलाइनचं नाव आणि रन क्रमांक लिहावा. इतकी छोटी गोष्ट, पण रात्री दोन वाजता कोणाचं सेशन मारायचं हे तिच्यामुळेच ठरवता येतं.)

फ्लायवे, असंच दुसरं साधन, पोस्टग्रेसवर ॲडव्हायझरी लॉक (टेबलात ओळ न लिहिता डेटाबेसकडूनच घेतलेला लॉक) वापरतो. तो सेशन किंवा ट्रान्झॅक्शनबरोबर आपोआप सुटतो, म्हणून मला तो जास्त आवडतो. पण त्यात दोन खाचखळगे आहेत. मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर सेशनच्या लॉकला अर्थच उरत नाही, म्हणून मायग्रेशनची जोडणी नेहमी थेट डेटाबेसला करा. दुसरा असा की फ्लायवेच्या नव्या आवृत्त्या सेटिंग बदलली नाही तर हा लॉक एका ट्रान्झॅक्शनमध्ये धरतात. तुमच्या मायग्रेशनमध्ये कॉन्करंट इंडेक्स (टेबल न अडवता बनणारा) असेल तर तो इंडेक्स फ्लायवेचंच ते ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट पाहतो, आणि फ्लायवे इंडेक्स संपण्याची. जॉब लटकून राहतो. त्यासाठी ट्रान्झॅक्शनल लॉकची सेटिंग बंद करावी लागते.

पोस्टग्रेसमध्ये स्कीमा बदल ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, एसक्यूएल सर्व्हरमध्येही बहुतेक बसतात. त्यामुळे मधोमध मेलेलं मायग्रेशन साधारणपणे पूर्ण मागे फिरतं, आणि तुमचे चारही डेटाबेस या बाबतीत सुदैवी आहेत. मायएसक्यूएलमध्ये असा प्रत्येक बदल आपोआप कमिट होतो, तिथे एका फाइलमध्ये एकच बदल हा नियम पाळावाच लागतो. पोस्टग्रेसमधला अपवाद तो कॉन्करंट इंडेक्स. तो ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही आणि मध्येच तुटला तर 'इनव्हॅलिड' खुणेचा अर्धवट इंडेक्स मागे सोडतो. असा इंडेक्स शोधांना उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा खर्च मात्र पडत राहतो. त्याची फाइल वेगळी ठेवा आणि तिच्या पहिल्या ओळीत, इंडेक्स आधीच असेल तर काढून टाका, असं लिहा. मग तोच जॉब दुसऱ्यांदा चालवणं निर्धोक होतं. एजंटवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे मी याच नजरेने बघतो: दुसऱ्यांदा चालवली तर चालेल का?

आणि लॉक-टाइमआउट लावल्याशिवाय प्रॉडक्शनवर एकही ऑल्टर टेबल सोडू नका. हा बदल क्षणात होणारा असला तरी त्याला टेबलावर पूर्ण ताबा लागतो. एखादा लांब रिपोर्ट तेच टेबल वाचत असेल तर ऑल्टर त्याच्या मागे थांबतो, आणि ऑल्टरच्या मागे बाकीच्या सगळ्या साध्या क्वेऱ्या थांबतात. पाच सेकंदांत लॉक मिळाला नाही तर सोडून द्यायचं, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. हे पुन्हा पुन्हा करण्याचं काम एजंट छान करतो.

एकाच डेटाबेसवर दोन जॉब एकदम जाऊ नयेत यासाठी पाइपलाइनमध्येही कुलूप लागतं. गिटहबमध्ये कॉन्करन्सी ग्रुप आहे. सेटिंग बदलली नाही तर एक चालू असताना एकच जॉब रांगेत उभा राहतो, तिसरा आला की दुसरा रद्द होतो. अझ्युअरच्या एक्सक्लुझिव्ह लॉकचं मूळ वागणंही असंच, सगळ्यात ताजा रन पुढे जातो. मायग्रेशनसाठी हे चालतं, कारण ताज्या कमिटमध्ये आधीच्या सगळ्या फाइल असतातच. मात्र एकेका रनचं काम वेगळं असेल तिथे ते चालणार नाही. चालू असलेला जॉब रद्द करण्याचा पर्याय मात्र डेटाबेसच्या पाइपलाइनमध्ये कायम बंद.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीबद्दल: जॉब हिरवा दिसतो आणि काम झालेलंच नसतं. पीएसक्यूएलला स्क्रिप्टची फाइल दिली आणि मधली एखादी ओळ चुकली, तर तो पुढच्या ओळी चालवत राहतो आणि शेवटी यशाचाच कोड देतो. ऑन-एरर-स्टॉप चालू केला तरच तो थांबतो आणि ३ हा कोड देतो. एसक्यूएल-सीएमडीला (एसक्यूएल सर्व्हरच्या तशाच क्लायंटला) त्यासाठी वजा-बी हा पर्याय द्यावा लागतो. डंप जीझिपमध्ये (फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात) ओतणाऱ्या ओळीत डंप फसला तरी जीझिप यशस्वीच होतो, म्हणून पाइपफेल (ओळीतला कोणताही भाग फसला तर पूर्ण ओळ फसली असं धरणारी सेटिंग) लागतो. गिटहबमध्ये शेल म्हणून बॅश स्वतः लिहिलंत तर पाइपफेल चालू असतो, काहीच लिहिलं नाही तर नसतो.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमध्ये (कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत) जे घडलं ते या धंद्यातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं. त्यांनी ते लपवलं नाही, सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं, त्याबद्दल मला कायम आदर वाटतो. एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली, सुमारे ३०० जीबी. चूक माणसाची होती, पण खरा धडा त्यानंतरचा आहे. बॅकअप शोधायला गेले तेव्हा बॅकअपची बकेट (क्लाउडवरची साठवणीची जागा) रिकामी होती. जिथून पीजी-डंप चालायचा त्या मशीनवर तो ९.२ आवृत्तीचा वापरला जात होता आणि डेटाबेस ९.६ चा. पीजी-डंप स्वतःहून नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला नकार देतो, म्हणजे जॉब रोज फसत होता. तसं सांगणारे मेल समोरच्या मेल सर्व्हरने नाकारल्यामुळे कोणाला मिळालेच नाहीत. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून डेटा परत आणला आणि त्या सहा तासांतले बदल गेले.

बॅकअपचा जॉब ज्या मशीनवर चालतो तिथल्या क्लायंटची आवृत्ती इतकी महत्त्वाची असते. होस्टेडवर 'लेटेस्ट' नावाची इमेज तुम्हाला न विचारता बदलते, म्हणून क्रमांकाची इमेज लिहा किंवा स्वतःच्या कंटेनरमध्ये क्लायंट घेऊन जा. सेल्फ-होस्टेडवर उलटा धोका, तिथे कोणी बदल केला नाही तर काहीच बदलत नाही आणि डेटाबेस पुढे निघून जातो.

बॅकअपबद्दल माझं मत ठाम आहे. पोस्टग्रेससाठी रोजचा डंप पुरेसा नाही. वॉल फाइली (प्रत्येक बदलाची आधी लिहिली जाणारी नोंद) सतत साठवणारी पद्धत लावा, पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन वापरून, किंवा मॅनेज्ड डेटाबेस असेल तर त्यांची सोय वापरून. ते काम पाइपलाइनच्या एजंटवर नको. एजंटला द्यायचं ते रिस्टोअरच्या चाचणीचं काम: दर आठवड्याला तुमच्याच नेटवर्कमधल्या नव्या मशीनवर बॅकअप उतरवायचा, चार-दोन टेबलांतल्या ओळी आणि सगळ्यात ताजी तारीख तपासायची, मशीन मोडून टाकायचं. प्रॉडक्शनचा डेटा होस्टेड मशीनवर मात्र उतरवू नका.

जुन्या नोंदी काढण्याचं काम डेटाबेसच्या आत द्या म्हणालो, कारण त्याला पाइपलाइनचा एजंट लागतच नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसक्यूएल सर्व्हर एजंट नावाचा आतलाच शेड्युलर आहे (एक्सप्रेस आवृत्तीत नाही, आणि अझ्युअर एसक्यूएल डेटाबेसवर त्याऐवजी इलास्टिक जॉब्स वापरावे लागतात). त्याचे जॉब एमएसडीबी या डेटाबेसमध्ये राहतात, तेव्हा त्याचाही बॅकअप घ्या. पोस्टग्रेससाठी पीजी-क्रॉन हे एक्स्टेन्शन आहे. एका घावात लाखो ओळी काढू नका. एसक्यूएल सर्व्हर एका आज्ञेत साधारण ५००० लॉक झाले की पूर्ण टेबलावर लॉक घेऊ पाहतो, म्हणून त्याहून लहान तुकडे करा. पोस्टग्रेसमध्ये टेबल महिन्यांनुसार पार्टिशन केलेलं असेल तर डिलीट करायची गरजच नाही, जुनं पार्टिशन वेगळं काढायचं की झालं.

सेल्फ-होस्टेड एजंट सांभाळण्याबद्दल पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पाइपलाइनची फाइल ज्याला बदलता येते, त्याला एजंटच्या मशीनवर हवी ती आज्ञा चालवता येते. म्हणून प्रॉडक्शनचा पूल वेगळा, त्याला हात लावू शकणाऱ्या पाइपलाइन्स मोजक्या, आणि त्या फक्त संरक्षित ब्रँचवरून, कोणाच्या तरी मंजुरीनंतर. सार्वजनिक रिपॉझिटरीला सेल्फ-होस्टेड रनर जवळपास कधीच जोडू नये असं गिटहब स्वतः सांगतं, कारण कोणीही फोर्क करून पुल रिक्वेस्टमधून तुमच्या मशीनवर कोड चालवू शकतो.

होस्टेडचा कोरेपणाचा गुण परत मिळवता येतो. गिटहबचा रनर इफेमरल म्हणून नोंदवला की तो एकच जॉब घेतो आणि बाद होतो. अझ्युअरच्या एजंटला 'वन्स'चा पर्याय आहे. कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी व्यवस्था) असेल तर ॲक्शन्स रनर कंट्रोलर हेच आपोआप करतो. कायमस्वरूपी मशीन ठेवण्यापेक्षा हे बरं. एकदा मला एका कायमच्या एजंटच्या टेम्प फोल्डरमध्ये ग्राहकांच्या पूर्ण टेबलाचा डंप सापडला होता, कधीतरी घाईत घेतलेला. त्या एजंटवर चालणाऱ्या प्रत्येक जॉबला तो वाचता येत होता. कायमचं मशीन ठेवावंच लागलं तर एजंट रूटने चालवू नका, त्याच्या यूजरला डॉकरच्या ग्रुपमध्ये घालू नका (ते रूट देण्यासारखंच आहे), आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आपोआप लागून मशीन रीस्टार्ट होत असेल तर ती वेळ मायग्रेशनच्या वेळेपासून लांब ठेवा.

रनरचं सॉफ्टवेअर स्वतःला अपडेट करतं. तुम्ही ते बंद केलंत, तर नवी आवृत्ती आल्यापासून ३० दिवसांत ती लावावी लागते, नाहीतर त्याला काम मिळणं थांबतं. रनर १४ दिवस जोडला गेला नाही तर गिटहब त्याची नोंदच काढून टाकतं. एजंट बंद असताना जॉब नापास होत नाही, रांगेत उभा राहतो, गिटहबमध्ये २४ तासांपर्यंत. म्हणजे रात्रीचं काम झालं नाही हे दुसऱ्या रात्रीपर्यंत कळणार नाही. पूलमध्ये वेगवेगळ्या यजमान मशीनवरचे निदान दोन एजंट ठेवा, आणि जॉब फसला तर कळवा एवढ्यावर विसंबू नका. 'शेवटचा यशस्वी रिस्टोअर किती तासांपूर्वीचा' हा आकडा पाइपलाइनच्या बाहेरच्या निगराणीतून तपासा.

पासवर्ड शक्यतो ठेवूच नका. ओआयडीसीमधून (पासवर्डशिवाय ओळख पटवण्याच्या पद्धतीतून) अल्पायुषी टोकन घ्या. आरडीएसमध्ये (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेत) असं टोकन १५ मिनिटं चालतं, तेवढ्यात जोडणी झाली की सेशन पुढे चालू राहतं. मशीनलाच ओळख दिली असेल, तर त्या मशीनवरचा प्रत्येक जॉब तीच ओळख वापरू शकतो, म्हणून पुन्हा वेगळ्या पूलचाच मुद्दा येतो. मायग्रेशनचा रोल ॲप्लिकेशनच्या रोलपेक्षा वेगळा हवा. लॉगमध्ये गुपितं झाकली जातात यावर विसंबू नका, नेमका तोच मजकूर आला तरच ती झाकली जातात, तोच बेस-६४ करून छापला तर दिसतो.

भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या एआय एजंटना डेटाबेस हाताळू द्यावा का, हेही हल्ली विचारलं जातं. त्यालाही वरचंच लागू होतं, आणखी कडकपणे. 'काही पुसू नकोस' असं सूचनेत लिहिणं म्हणजे परवानगी काढून घेणं नव्हे. त्याला फक्त वाचण्याचा रोल द्या, तोही रेप्लिकावर (डेटाबेसच्या चालत्या प्रतीवर), स्टेटमेंट-टाइमआउट लावून. त्याने सुचवलेला बदल मायग्रेशनची फाइल म्हणून रिपॉझिटरीत यावा, माणसाने वाचावा आणि नेहमीच्या एजंटने नेहमीच्या वाटेने चालवावा.

हलवायला सुरुवात कराल तेव्हा मायग्रेशन हलवण्याआधी स्टेजिंगवर एक प्रयोग करा. एका ट्रान्झॅक्शनमध्ये एखाद्या टेबलाला कॉलम जोडा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पीजी-स्लीपने दहा मिनिटं थांबा. दुसऱ्याच मिनिटाला पाइपलाइनमधून जॉब रद्द करा. पुढच्या वेळी एजंटची प्रोसेस मारा. तिसऱ्या वेळी व्हर्च्युअल मशीनच सक्तीने बंद करा. प्रत्येक वेळी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडून बघा आणि लॉक किती मिनिटांनी सुटला ते लिहून ठेवा. एसक्यूएल सर्व्हरवर वेटफॉर डिले वापरून हेच करता येतं. तिन्ही आकडे तुमच्या ॲप्लिकेशनला सोसतील इतके लहान झाले की मगच प्रॉडक्शनचा पूल त्या पाइपलाइनला जोडा.